उपटलेले खिळे

भानुदासांना न्यूझीलंडमध्ये पाय ठेवताच जो मान मिळाला, तो उभ्या जन्मात कुणी दिला नव्हता. ऑकलंडच्या विमानतळावर गणवेशातल्या एका बाईनं त्यांना बाजूला घेतलं, बूट काढायला लावले आणि ते उलटे करून, उजेडात धरून तळ निरखले. या देशाला परक्या मातीची भारी धास्ती. बुटाला चिकटून एखादं नको ते बी आलं तर कुरणांचं काय होईल, म्हणून बघतात. त्यांना आणायला भारतात गेलेली त्यांची लेक संघमित्रा शेजारी उभी होती, तिला घाम फुटला. पण भानुदास खूश! बूट परत देताना ती बाई "ब्युटिफुली क्लीन" म्हणाली, ते त्यांनी वेलिंग्टनच्या विमानात तीनदा सांगितलं. दुसऱ्यांच्या बुटांचे तळ बघण्यात त्यांची एक्केचाळीस वर्षं गेली होती. त्यांचे कुणी बघावेत, हे पहिल्यांदाच घडत होतं.

ही एक्केचाळीस वर्षं गेली जिल्ह्याच्या गावी, कोर्टासमोरच्या फुटपाथवर, एका बदामाच्या झाडाखाली. वकिलांचे काळे बूट, पक्षकारांच्या झिजलेल्या चपला, आणि शेजारच्या पोलीस लाइनीतल्या हवालदारांचे जाडजूड बूट, तळाला खिळे आणि टाचेला नाल मारलेले. त्या फुटपाथच्या कमाईवर संघमित्रा भूगोलात एम. एस्सी. झाली, कॉम्प्युटरवर नकाशे करायला शिकली, अमेयशी लग्न करून इकडे आली. आता वेलिंग्टनमध्ये जॉन्सनव्हिलला चढावर घर आहे, अकरा वर्षांची मैत्रेयी आहे, आणि आई, कमलाबाई, गेल्यावर एकटे पडलेले आप्पा, म्हणजे भानुदास, तीन महिन्यांसाठी आलेले आहेत. म्हटलं तर सगळं छान. फक्त मध्ये एक खोटं येऊन बसलं होतं.

तेही तिनं पुरतं सांगितलं नव्हतं, अर्धंच. पाच वर्षांपूर्वी मराठी मंडळाच्या दिवाळीत तिची अनुराधाशी ओळख झाली. अनुराधा पुण्याची, तिच्याच ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर, आणि मंडळाचा सगळा गाडा हाकणारी. बाई मनानं चांगली. मैत्रेयीला कांजिण्या झाल्या तेव्हा चार दिवस मऊ भात घेऊन आली होती. पण आपल्या माणसांना चौकशीचं अंग असतंच, तसं तिनं विचारलं, वडील काय करतात? संघमित्राच्या तोंडून निघालं, "बुटांचं काम." अनुराधा म्हणाली, "म्हणजे फॅक्टरीत? मॅनेजर का?" आणि संघमित्रा म्हणाली, "हो."

आता, संघमित्रा हे नाव ऐकल्यावर महाराष्ट्रातल्या माणसाला पुढचं फारसं विचारावं लागत नाही. ते तिनं कधी लपवलंही नाही. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, चौदा एप्रिलला ती ऑफिसात पेढे वाटते. लपवला तो फुटपाथ. का, ते तिला विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं. इथल्या गोऱ्या माणसाला मोची म्हटलं की मोची एवढंच कळतं, जसं सुतार, जसं प्लंबर. अनुराधाला मोची म्हटलं की सगळंच कळलं असतं, आणि तिच्या चेहऱ्यावर ते कळल्याचं दिसलं असतं. तेवढंच संघमित्राला बघायचं नव्हतं.

आप्पा आल्यावर दुसऱ्याच रविवारी अनुराधा बेसनाचे लाडू घेऊन हजर. "काका, तुम्ही फॅक्टरीत मॅनेजर होता ना?" आप्पांनी उत्तर देण्याआधी लेकीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "व्हय, बुटांचंच काम." लाडू चांगला झालाय म्हणाले. नंतर घरात या विषयावर कुणी चकार शब्द काढला नाही, आणि संघमित्राला वाटलं, निभावलं.

संघमित्राचं काम असं, की जगात कुणीतरी कुठेतरी जमीन मोजतं आणि ती मोजमापं हिच्याकडे येतात. ही त्यांचे नकाशे करते. दीड वर्ष तिच्याकडे स्पेनच्या उत्तरेतल्या एका डोंगरउताराचं काम होतं. इनेस नावाच्या एका संशोधक बाईला तिथे दोन हजार वर्षांपूर्वीचं रणांगण सापडलं होतं. एका बाजूला रोमन सैन्य, दुसऱ्या बाजूला डोंगरातले लोक. ना तिथे भिंत उभी होती, ना थडगं. होतं ते मातीत विखुरलेलं बारीक लोखंड, आणि त्यातलं बहुतेक म्हणजे चपलांचे खिळे. रोमन शिपायांच्या चपलांना तळाला लोखंडी खिळे असत. चालताना, पळताना ते गळत. इनेसच्या पंधरा माणसांनी चार वर्षं गुडघ्यावर रांगून एकेक खिळा वेचला, त्याची जागा नोंदवली, गंज काढून फोटो काढले. संघमित्रानं त्या प्रत्येक खिळ्याचा नकाशावर एक ठिपका केला. चारशेच्या वर ठिपके. ते जोडत गेलं की सैन्य कुठून चढलं ते डोळ्यांना दिसायचं.

आणि उताराच्या मध्यावर, एका चटईएवढ्या जागेत, ब्याऐंशी ठिपके एकावर एक. एवढे खिळे एका जागी, म्हणजे माणसं तिथे खिळून उभी राहिली असणार, मागे हटली नसणार, पडली असणार. नकाशावर त्या जागेला 'शेवटची झुंज' असं नाव संघमित्रानंच सुचवलं होतं. इनेसला ते इतकं आवडलं की लेखाचं शीर्षकच त्यावरून बेतलं. लेखकांत संघमित्राचं नाव तिसरं होतं. गुरुवारी शेवटची ऑनलाइन बैठक, पुढच्या आठवड्यात वर्तमानपत्रांना बातमी. अनुराधानं ऑफिसात केकसुद्धा ठरवून टाकला होता.

सोमवारी संघमित्रा घरूनच काम करत होती. आप्पा सकाळपासून मैत्रेयीच्या जँडलमागे लागले होते. जँडल म्हणजे आपली रबरी स्लिपर. तिचा पट्टा भोकातून निसटला होता आणि मैत्रेयी ती टाकूनच द्या म्हणत होती, "आजोबा, जस्ट बिन इट, दे आर लाइक फाइव्ह डॉलर्स." आजोबांनी कोटाचं एक जुनं बटण पट्ट्याच्या बुडाला अडकवलं आणि जँडल पायात घालून दाखवली. नातीनं "स्वीट ॲज" म्हणून पसंती दिली आणि शाळेत गेली. मग आप्पा चहाचे दोन कप घेऊन लेकीच्या खोलीत आले. मोठ्या पडद्यावर खिळ्यांचे फोटो लागले होते. त्यांनी कप ठेवला आणि उभ्याउभ्याच बघायला लागले.

संघमित्राला बरं वाटलं. आपण काय करतो हे आप्पांना कधी नीट सांगताच आलं नव्हतं. तिनं हौसेनं सगळं समजावलं: चपला, ठिपके, चढण, आणि हे बघा, इथे शेवटची झुंज झाली. आप्पांनी त्या ब्याऐंशीतले फोटो एकेक करून मोठे करायला लावले. वीसेक झाल्यावर चढणीवरचे चार-पाच दाखव म्हणाले. पुन्हा ते ब्याऐंशी. चहावर साय धरली.

"हे पडल्यालं न्हाईत, मित्रा," ते म्हणाले. "हे उपटल्यालं हाईत."

त्यांनी बोट लावून दाखवलं. खिळा ठोकला की त्याचं टोक आतून वाकवून मुडपतात, नाहीतर पायात घुसेल. चालता चालता खिळा गळतो तेव्हा डोकं झिजून गेलेलं असतं आणि टोकाचा आकडा तसाच राहतो. चढणीवरचे सगळे खिळे तसेच होते, आकड्यासारखे. पण मोची जुना खिळा काढतो तेव्हा आधी टोक उचकटून सरळ करतो, मग पकडीनं ओढतो. अंग सरळ होतं आणि डोक्याखाली दोन्ही बाजूंना पकडीचा चावा उमटतो. ब्याऐंशीतले बरेचसे असे होते. उरलेल्या नऊ-दहांची डोकी झिजलेलीच नव्हती. ते कधी ठोकलेच गेले नव्हते. जुने काढायचे, नवे मारायचे. तुझ्या त्या जागेवर कुणी लढत नव्हतं, आप्पा म्हणाले, तिथे एक माणूस चपला दुरुस्त करत बसला होता.

संघमित्राच्या कपाळावर आठी चढली. "आप्पा, तिथे पंधरा माणसं चार वर्षं खपलीत. सगळे शिकलेले लोक आहेत." बोलून गेली आणि शेवटच्या वाक्यानं तिचीच जीभ चावली गेली. आप्पा म्हणाले, असतील की. न प्यालेले दोन्ही कप उचलून ते स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून ते विसळत बसले.

ती रागानं पडद्याकडे वळली. कामाला लागायचं म्हणून तिनं मोजमापांचा तक्ता उघडला. त्यात प्रत्येक खिळ्याची लांबी, वजन, डोक्याची झीज, आणि अंगाचा आकार असा एक रकाना. स्पेनहून आलेले फोटो बघून तो रकाना तिनंच भरला होता. ब्याऐंशीपैकी त्र्याहत्तर ठिकाणी तिनं स्वतःच्या हातानं टाइप केलं होतं: सरळ. उरलेले नऊ: सरळ, डोकं कोरं. चढणीवरच्या खिळ्यांत सरळ शोधायला गेली तर जेमतेम सहा सापडले.

मग जे आठवलं ते नको होतं. बिस्किटाचा पत्र्याचा डबा. दर रविवारी आप्पा आठवड्याचे उपटलेले खिळे त्यात घेऊन यायचे, आणि अंगणात पोतं पसरून ती ते निवडायची. सरळ ते इकडे, पुन्हा कामाला. आकडे तिकडे, भंगारात. दोऱ्याला लोहचुंबक बांधून ती फुटपाथच्या कडेचे गळालेले खिळेही वेचायची, ते बहुतेक आकडेच निघायचे. सातव्या वर्षी हे काम ती डोळे मिटून करायची. चाळिशीला टेकल्यावर, चष्मा लावून, दीड वर्ष त्याच खिळ्यांकडे बघत बसली आणि तिला काही म्हणजे काही दिसलं नाही. विसरायचं ठरवलं की माणूस किती नीट विसरतो! तिला स्वतःची अशी लाज वाटली की तिनं पडदा बंद केला.

मंगळवारी दुपारी दोघं मैत्रेयीला आणायला शाळेपर्यंत चालत निघाले. चढ आणि वारा, वेलिंग्टनचा वारा म्हणजे माणसाला दोन पावलं पुढे टाकू देतो आणि एक मागे घ्यायला लावतो. शाळेसमोरच्या बाकावर बसल्यावर तिनं काल बोलल्याबद्दल माफी मागितली नाही, आपल्याकडे बापाची माफी मागायची पद्धत नाही. तिनं सरळ विचारलं: तुमचं म्हणणं खरं धरलं, तर तो एवढे खिळे तिथेच टाकून का गेला? तेव्हा लोखंड केवढं महाग असेल.

आप्पा हसले. तेच मी रात्रभर म्हणतोय, म्हणाले. कुठलाच मोची खिळे टाकून जात नाही. जुने सरळ करून पुन्हा वापरतो, आणि कोरे तर जिवापाड जपतो. तो आपणहून उठलाच नाही. त्याला उठवलं. आणि मग त्यांनी स्वतःचा दिवस सांगितला, जो त्या दोघांनाही ठाऊक होता आणि तेवीस वर्षांत ज्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

अतिक्रमणवाल्यांची गाडी आली होती. कोर्टासमोरचा सगळा फुटपाथ दहा मिनिटांत साफ केला. अशा वेळी हात आधी कशाकडे जातात, तर हत्यारांकडे. आरी, रापी, पकड, हातोडी धोतराच्या ओच्यात घेऊन आप्पा उठले. खिळे राहिले, डबा लाथेनं उडाला आणि खिळे गटाराच्या कडेपर्यंत पसरले. नेमकी त्याच वेळी समोरून अकरावीतली संघमित्रा चालली होती, तीन मैत्रिणींबरोबर.

"तू दिसलीस," आप्पा म्हणाले. "मी मान खाली घातली. म्हटलं, पोरीला वळख द्यायला लागू नये."

ती तशीच पुढे गेली होती. कान तापले होते, पाय थांबले नव्हते. दिवेलागणीला मात्र ती एकटी परत आली होती आणि गटाराच्या कडेनं उकिडवी बसून एकेक खिळा वेचून ओढणीच्या टोकात बांधून घेऊन गेली होती. चेपलेल्या डब्यात भरून डबा कोनाड्यात ठेवला होता. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

"सकाळी डबा भरल्याला. मला वाटलं, कमलीनं आणलं. लई वर्षं तसंच धरून होतो. ती जायच्या आधी बोलली, मी न्हवते गेले."

संघमित्राला रडू फुटलं. भर वाऱ्यात, शाळेसमोर, इतर आईबाप गाड्या लावत असताना ती हमसून हमसून रडली. आप्पांनी तिला गप्प केलं नाही. घंटा व्हायच्या आत डोळे पूस, एवढंच म्हणाले. मग उठताना, अगदी सहज, त्यांनी एक सांगून ठेवलं. परवा त्या बैठकीत हे खिळ्यांचं जरूर सांग, पण माझं नाव घेऊ नकोस. तुझ्या तक्त्यात सगळं आहेच. मोजलं आणि दिसलं म्हण. "फॅक्टरीचा म्यानेजर खिळे उपटत न्हाई."

बोलण्यात टोमणा नव्हता, हीच पंचाईत. त्यांनी मनापासून तिची सोय बघितली होती. आणि सोय तर खरोखरच होती. तक्ता तिचा, मोजमाप तिचं, त्र्याहत्तर वेळा लिहिलेलं 'सरळ' तिचं. बुधवारी दिवसभर तिनं नवा नकाशा केला, दोन रंगांचा: आकडे लाल, सरळ निळे. चढण सगळी लाल झाली आणि मधली चटईएवढी जागा निळीशार. अमेयनं संध्याकाळी तो बघितला आणि म्हणाला, हे बिनतोड आहे, तुला कुणाची साक्ष काढायची गरज नाही. नवरा हुशार आहे, पण कधीकधी नेमकं नको तेच बरोबर बोलतो.

गुरुवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे स्पेनमध्ये बुधवारचे रात्रीचे आठ, पडद्यावर चौकोन उघडले. इनेस, तिचे तीन सहकारी, वेलिंग्टनच्या ऑफिसातून अनुराधा. आप्पा बाहेर हॉलमध्ये मैत्रेयीच्या शाळेच्या बुटांना पॉलिश करत होते. संघमित्रानं नकाशा दाखवला आणि एका दमात सांगून टाकलं की शेवटची झुंज तिथे झालेली नाही, चूक माझी आहे, ते खिळे कुणीतरी हातानं काढलेले आहेत.

मग इनेसचा एक सहकारी म्हणाला की अंग सरळ असण्याची दहा कारणं असू शकतात. माती, दाब, गंज. इनेसचा चेहरा उतरला होता, पण बाई सरळ होती. तिनं वाद घातला नाही, एकच प्रश्न विचारला. उपटलेला खिळा आणि गळालेला खिळा यांतला फरक तुला कसा कळला? याला आधार काय? कुठला ग्रंथ, कुठला प्रयोग, कुणाचा अनुभव?

संघमित्रानं तोंड उघडलं. मोजलं आणि दिसलं, एवढंच म्हणायचं होतं. इनेसला ते खपलंही असतं. पण मोजलं होतं सहा महिन्यांपूर्वी, आणि दिसलं नव्हतं. तिची नजर अनुराधाच्या चौकोनाकडे गेली. अनुराधा पेन हातात घेऊन, तिला धीर द्यावा अशी मान हलवत होती. बाहेरून बुटावर ब्रश फिरल्याचा आवाज येत होता, सुर्र सुर्र. तो आवाज तिनं एक्केचाळीस वर्षांपैकी अठरा वर्षं ऐकला होता.

"आधार माझे वडील," ती इंग्रजीत म्हणाली. "ते मोची आहेत. एक्केचाळीस वर्षं त्यांनी फुटपाथवर बसून बूट दुरुस्त केले. हे त्यांनी ओळखलं, मी नाही."

आणि मग, त्या चार परदेशी माणसांच्या देखत, तिनं सरळ मराठीत सांगितलं. "अनुराधा, ते मॅनेजर नव्हते गं. मी खोटं बोलले होते."

अनुराधाचं पेन थांबलं. चेहऱ्यावर काय आलं ते संघमित्रानं बघितलं. पाच वर्षं जे बघायचं टाळलं होतं तेच आलं, सगळं कळल्याचं. पण ते क्षणभर राहिलं आणि त्याच्या मागून दुसरंच काहीतरी आलं, ओशाळल्यासारखं. संघमित्राला नवल वाटलं ते याचं, की आपण अजून खुर्चीवरच आहोत, छप्पर जागेवर आहे आणि इनेस विचारते आहे, ते तुझ्या घरी आहेत का? मग बोलव ना.

आप्पा आले, हाताला काळं पॉलिश लागलेलं. ते पुसायला फडकं शोधत होते, तिनं तसंच बसवलं. इनेस विचारत होती, संघमित्रा मराठीत सांगत होती, आप्पा उत्तरं देत होते. शेवटी आप्पांनीच उलटा प्रश्न केला. त्या जागेवर पकड सापडली का? आरी? कातडं कापायची रापी? इनेस म्हणाली, नाही, एकही हत्यार नाही. आप्पांनी मान डोलावली. म्हणजे तो घाईत उठला, म्हणाले. हत्यारं घेतली, खिळे राहिले. कुणीतरी अचानक अंगावर आलं.

इनेसनं नकाशावरची ती निळी जागा मोठी करून बघितली. मग सावकाश बोलली. आम्ही समजत होतो की सैन्य लढत लढत वर चढत होतं. पण हे असं असेल, तर सैन्य तिथे थांबलं होतं, चपला काढून बसलं होतं, आणि हल्ला त्या गाफील माणसांवर झाला. खात्री आज देता येणार नाही, तपासावं लागेल, आणखी खणावं लागेल, पुढच्या आठवड्यातली बातमी तर विसराच. पण चार वर्षांत मला पहिल्यांदाच तिथे एक माणूस दिसतोय, असं ती म्हणाली, आणि तिनं चष्मा काढून पुसला. लेखात यांचं नाव घालायचंय, म्हणाली. हुद्दा काय लिहू?

संघमित्रानं प्रश्न मराठीत केला. आप्पांनी उत्तर देण्याआधी तिच्याकडे पाहिलं, लाडवांच्या दिवशी पाहिलं होतं तसंच. या वेळी ती म्हणाली, "तुम्हीच सांगा, आप्पा." ते ताठ बसले आणि कोर्टाच्या दारात ऐकून ऐकून जमलेल्या इंग्रजीत म्हणाले, "कॉबलर. आउटसाइड कोर्ट."

बैठक संपत आली तशी अनुराधा पहिल्यांदा बोलली, मराठीत. "काका, मी शनिवारी येते. माझ्या सँडलची टाच निघालीय."

हे चांगल्या मनानं म्हटलंय की सवयीनं, संघमित्राला कळेना. बहुधा अनुराधालाही कळलं नसावं, कारण बोलून झाल्यावर तिचा चेहरा लाल झाला. आप्पा मात्र आरामात मागे टेकले.

"या की," ते म्हणाले. "पण मी हितं पाव्हणा हाय. कसं ठोकायचं ते दाखवतो, ठोका तुम्ही."

शनिवारी अनुराधा खरंच आली, खाली मान घालून, सँडल पिशवीत घेऊन. लाडू आणले नव्हते. मागच्या लाकडी डेकवर आप्पा खुर्चीत बसले आणि अनुराधा खाली, अमेयची हातोडी आणि पकड घेऊन. जुन्या खिळ्याचं वाकलेलं टोक सरळ करताना पहिल्याच घावात तिनं अंगठा ठेचून घेतला आणि आई गं करून ओरडली, तसे सगळेच हसले. पंधरा-वीस मिनिटं ती घामाघूम होऊन त्या टाचेशी झटत होती. हे एवढं अवघड असतं होय, असं दोनदा म्हणाली. आप्पा म्हणाले, पैल्यांदा समद्यांनाच.

मग तिनं जुना खिळा पकडीत धरून ओढून काढला आणि तो टाकायला इकडेतिकडे बघू लागली, केराची टोपली कुठे आहे म्हणून. संघमित्रा स्वयंपाकघरातून बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन आली आणि तिच्याशेजारी फळ्यांवर बसली.

"टाकू नकोस," ती म्हणाली. "सरळ आहे. इकडे दे."